विजेवरची बिअर

“लायटर खाली ठेवा! अहो, खाली ठेवा म्हणते ना!”

वाळलेले कपडे काखेत मारून मी परसातल्या दोरीकडून येत होते. गॅरेजचं मागचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत हे त्यांच्या तीन पायांच्या शेगडीपुढे उकिडवे बसून लायटर पेटवायच्या बेतात होते. दाराशीच गॅसचा असा भपकारा आला की माझं डोकं गरगरलं. कपडे तिथंच चिखलात पडले. मी धावत जाऊन यांचं मनगट धरलं, लायटर हिसकावून घेतला आणि बाहेर गवतात भिरकावला. मग गॅसच्या सिलिंडरची चावी आवळली आणि पुढचं मोठं दार दोन्ही हातांनी वर ढकललं.

“अगं, काय झालं काय तुला?” हे माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जसं काही मलाच वेड लागलंय.

“मला काय व्हायचंय? गॅस सुटलाय सगळा! नळीला चीर गेलीय. वास नाही येत तुम्हाला?”

हे जरा घुटमळले. नाक वर करून दोनदा हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाले, “सर्दी झालीय गं जरा.”

“सर्दी झाली म्हणून घर उडवून देता का काय?”

मी सातूच्या पोत्यावरच बसले आणि यांना, यांच्या बिअरला, त्या शेगडीला आणि ज्यानं हा नाद लावला त्या शेजारच्या ग्रॅहमला, सगळ्यांना एका दमात शिव्या घातल्या. दम संपल्यावर मी म्हटलं, “आजपासून या घरात गॅसवर बिअर होणार नाही. सांगून ठेवते.”

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आम्ही तेव्हा न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थ गावात राहत होतो. अजूनही तिथंच आहोत म्हणा.

मी मूळची कराडची. माहेरी सुपारीचं खांड तोंडात टाकायचं तरी वडिलांची नजर चुकवायला लागायची, आणि नशिबानं नवरा दिला तो परदेशी जाऊन गॅरेजात बिअर करणारा. यांचं नाव हिंदुराव. दुधाच्या कारखान्यातले इंजिनियर. पण इंजिनियर म्हणून यांना जितका मान नव्हता तितका यांच्या नाकाला होता. गावाकडच्या डेअरीत असताना टँकरचं झाकण उघडलं की हे लांबूनच सांगायचे, या दुधाचा भरवसा नाही, आधी तपासा. तपासलं की तसंच निघायचं. इकडं आल्यावरही तीच ख्याती झाली.

पण ख्याती व्हायच्या आधीचा पहिला हिवाळा मला आठवतो. कुणाशी ओळख नाही, पाळख नाही. मुलगी ऑकलंडला शिकायला. सुट्टीच्या दिवशी हे खिडकीत बसून रिकाम्या रस्त्याकडे बघत बसायचे. अशात एका रविवारी ग्रॅहम कुंपणावरून ओरडला, एकट्यानं पिंप उचलवत नाही, जरा हात लाव. हे हात लावायला गेले ते दिवेलागणीलाच परत आले, आणि कितीतरी महिन्यांनी तोंडभर हसत आले. ग्रॅहम घरी बिअर करायचा. बायको जाऊन काही वर्षं झालेली, पोस्टातून निवृत्त झालेला एकटा माणूस. त्यानं यांना सातू कसा भिजवायचा, त्याचा गोड काढा कसा उतरवायचा, त्यात हॉप्स नावाची ती कडू वाळकी फुलं घालून कसा उकळायचा, मग गार करून खमीर कधी घालायचं, हे सगळं हाताला धरून शिकवलं. त्याला ‘हिंदुराव’ म्हणता येईना, तो नुसतं ‘राव’ म्हणायचा. आमच्या भागात येता-जाता सगळ्यांनाच राव म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मी आपली एक अट घातली होती. बिअर गॅरेजात. माझ्या स्वयंपाकघराची पायरी चढायची नाही. यांनी ती कधी मोडली नाही. मीही मग त्या पिंपांकडे काणाडोळा केला, कारण शनिवारी गॅरेजातून दोन म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज आला की मलाच बरं वाटायचं.

तर गॅस सुटला त्याच आठवड्यात ग्रॅहम आला. बोलला इंग्रजीतच, पण मी आपलं मराठीत सांगते.

“राव, मी घर विकलं. नेल्सनला जातोय, लेकाकडं. ऑक्टोबरच्या शेवटी.”

हे हातातला कप नुसता फिरवत राहिले.

“जाताना सगळ्या गल्लीला बोलावणार आहे,” ग्रॅहम म्हणाला. “आणि बिअर तुझी पाहिजे. दुकानातली एक बाटली आणणार नाही मी. मी पहिल्यांदा तुला शिकवली ती, तांबूस, कडवट. करशील ना?”

“करीन की,” हे म्हणाले. पण मी यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एरवी या माणसानं उडी मारली असती.

ग्रॅहम गेल्यावर मी म्हटलं, “करा बिअर. झकास करा. पण गॅसवर नाही. ते विजेचं मोठं भांडं मिळतं, खाली गरम होणारं, तोटीचं. ते आणू.”

“नको.”

“का नको?”

“विजेवरची बिअर म्हणजे बिअर नव्हे.”

“हो का? मी या देशात आल्यापासून विजेच्या शेगडीवर भाकरी थापते, ती भाकरी नव्हे? चवीनं चार खाता की!”

“भाकरीचं वेगळं. उकळीला जाळ लागतो, शालन. समोर दिसणारा जाळ. कमी-जास्त करता येतो, आवाज येतो त्याचा. त्या विजेच्या डब्यात काय दिसतं? एक लाल दिवा.”

“दिवा तर दिवा. जीव वाचतो ना त्यानं?”

“मग मी बंदच करतो सगळं,” हे म्हणाले आणि उठून गेले.

मला राग आला, आणि रागापेक्षा नवल जास्त वाटलं. हट्टी तर हे आहेतच, यांच्या पाटणकर घराण्यात हट्ट वाटपात मिळतो. पण बिअर सोडीन म्हणणारा हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. मला तो पहिल्या हिवाळ्यातला खिडकीतला माणूस आठवला. ग्रॅहम जाणार, बिअरही जाणार, मग उरलं काय? शेवटी मीच बस धरली, बिअरच्या सामानाच्या दुकानात गेले आणि ते विजेचं भांडं घेऊन आले. दुकानातली बाई माझ्या साडीकडे आणि कुंकवाकडे बघून दोनदा म्हणाली, हे चहाचं नव्हे बरं का. मी म्हटलं, माहीत आहे बाई, बांध तू.

भांडं घरात आल्यावर हे दोन दिवस त्याच्याभोवती नुसते घुटमळले. इंजिनियरला नवं यंत्र किती वेळ दम काढू देणार? शनिवारी सकाळी सातू भिजला.

मी गॅरेजात पहिल्यांदाच मदतीला थांबले होते. आणलं मीच, तर यश द्यायची जबाबदारीही माझीच, असं मला वाटत होतं. काढा छान उतरला. आता तो खळखळून उकळायचा होता, नि तिथं आमचं घोडं अडलं. गॅसवर जी उकळी हां हां म्हणता यायची, ती या भांड्यात येईचना. कडेनं बारीक बारीक बुडबुडे, मध्ये नुसती वाफ. हे घड्याळाकडे बघायचे, भांड्याकडे बघायचे, आणि मग माझ्याकडे. ‘बघ, सांगितलं होतं’ असं कपाळावर लिहिलेलं होतं.

“थांबा,” मी म्हटलं, “झाकण घाला.”

“आपण झाकण घालत नाही.”

“गॅसवर घालत नव्हता, उतू जायचं म्हणून. इथं कुठं उतू जातंय? आमची आई मटकीची उसळ कशी शिजवायची? झाकण, आणि झाकणात पाणी. वाफ आत कोंडते, चटकन शिजतं.”

हे विचारात पडले. मग हसले. “तुझ्या आईची उसळ बाकी फर्मास व्हायची.”

झालं. झाकण नीट बसेना म्हणून मी घरातून कणकेची मोठी परात आणली, भांड्यावर ठेवली आणि तिच्यात गार पाणी ओतलं. आणि काय सांगू, जरा वेळानं आत असा खदखदाट सुरू झाला की परात नाचायला लागली! यांनी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. आम्ही दोघं पोत्यावर बसून त्या नाचणाऱ्या परातीकडे कौतुकानं बघत राहिलो. हॉप्स घालायला तेवढी क्षणभर उचलायची की पुन्हा ठेवायची. मधे पाणी कोमट झालं की मी बदलत होते. विजेनं आमची लाज राखली म्हणून मी देवालाही मनातल्या मनात हात जोडले, बिअरसाठी जोडू नयेत तरी जोडले.

खमीर घातलं, पिंप बंद झालं, दिवस गेले. पिंपातली गुडगुड थांबली तशी एका संध्याकाळी यांनी तोटीतून पेलाभर बिअर काढली, रंग उजेडात बघण्यासाठी. रंग अगदी हवा तसा, तांबूस आणि नितळ. गॅरेजचा दिवा मंद म्हणून हे पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. उंबरा ओलांडला नाही, बाहेरच उभे राहिले. मी ओट्यापाशी मेथी निवडत होते.

तिथपर्यंत वास आला. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा. थोडाथोडका नाही, कुकरचं झाकण काढल्यावर येतो तसा भसकन. मी यांच्याकडे पाहिलं. म्हटलं आता हे तोंड वाकडं करणार.

यांनी पेला नाकाखाली धरला. डोळे मिटले. नेहमी घ्यायचे तसा लांब श्वास घेतला. मग सावकाश म्हणाले, “वा! संत्र्याची साल. मागून भाजक्या पावाचा वास. जमली शालन, विजेवर जमली.”

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. अहो, चार हातांवरून मला कणसाचा वास येतोय आणि यांना, ज्यांच्या नाकापुढं टँकरवाले चळाचळा कापायचे त्यांना, संत्र्याची साल? मग गॅस आठवला. मग जूनमधला तो ताप आठवला, त्यात हे आठवडाभर झोपून होते. त्यानंतर हे रोज घरात शिरताना ‘आज काय केलंयस गं’ असं विचारायला लागले होते. आधी दारातच सांगायचे, आज भरली वांगी. सगळं एकदम ध्यानात आलं. हे जुन्या बिअरचे वास पाठ म्हणत होते.

“छान,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ही बिअर हे सगळ्या गल्लीसमोर ग्रॅहमच्या हातात देणार. लोक पहिल्या घोटाला एकमेकांकडे बघणार. आणि हे मध्ये उभे राहून सगळ्यांना संत्र्याची साल सांगणार. या नुसत्या कल्पनेनं मला रडू येत होतं.

सकाळी हे कामावर गेले तसा मी त्या दुकानातल्या बाईला फोन लावला. म्हटलं, बिअरला उकडलेल्या कणसाचा वास येतोय. ती पटकन म्हणाली, “उकळताना झाकण घातलं होतं का?”

“घातलं होतं. त्याच्यावर गार पाणीपण ठेवलं होतं.”

पलीकडे ती अशी हसली की मला कानापासून फोन लांब धरावा लागला. म्हणाली, सातूतला तो वास वाफेबरोबर बाहेर जायचा असतो, म्हणूनच भांडं उघडं ठेवतात. तुम्ही वाफ अडवली, वर गार पाणी ठेवून तिचं पाणी केलं आणि थेंब थेंब परत आत सोडलं. हा वास आता काही जायचा नाही, पण नवी केलीत तर वेळ आहे. म्हणजे आईच्या उसळीनं घात केला! उसळीला जे हवं तेच बिअरला नको, हे आम्हा दोघांना कुठून कळावं?

संध्याकाळी हे गॅरेजात बाटल्या विसळत होते, त्या कणसाच्या बिअरसाठी. मी दारात उभी राहिले. पाल्हाळ लावायचा माझा स्वभाव नाही.

“अहो, तुम्हाला वास येत नाही.”

“कसला?”

“कसलाच.”

नळ चालू होता. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “सांगितलं ना, सर्दी...”

“जूनपासून कुणाला सर्दी असते?”

यांनी नळ बंद केला. हातातली बाटली पालथी घातली. “तुला कुणी सांगितलं?”

“कणसानं,” मी म्हटलं आणि परातीची सगळी कथा सांगितली.

मला वाटलं चिडतील. नाही चिडले. पोत्यावर खाली बसले, ओले हात तसेच गुडघ्यांवर टाकून. “तापानंतर गेला तो गेलाच. आज येईल, उद्या येईल म्हणून वाट बघितली. डॉक्टरकडेही जाऊन आलो, तुला न सांगता. ते म्हणाले, येईल तर येईल, नाहीतर नाही. कारखान्यात पोरं अजून हाक मारतात, राव, जरा इकडं बघ. मी कामात असल्याचं सोंग करतो.”

“पण मला तर सांगायचं!”

“काय सांगायचं गं? की तू एवढं करून वाढतेस नि मी कागद चावतो? तू ताटाशी बसून माझ्या तोंडाकडं बघत असतेस. मला नाही सांगवलं.” यांनी ओले हात पँटला पुसले. “घरात आलो की घर घरासारखं वाटत नाही, शालन. तू जवळ असलीस तरी कुठं लांब असल्यासारखी वाटतेस.”

मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघंही रडलो, लाज कशाची? लग्नाला तीस वर्षं झालेली माणसं आम्ही.

मग डोळे पुसून हे म्हणाले, “गॅसचं एक बरं होतं. जाळ डोळ्यांना दिसायचा, उकळी कानांना ऐकू यायची. डोळे-कान वापरून मी कसंतरी निभावत होतो. म्हणून त्या विजेच्या भांड्याला इतका अडून बसलो. त्यात बघायला-ऐकायला काही नाही. मला वाटलं, हे आलं की माझं पितळ उघडं पडणार.”

“मग मी आणलं ते चुकलं का?”

“चुकलं? त्या दिवशी तू वाळलेले कपडे काढायला गेली नसतीस तर आज माझ्या फोटोला हार असता.” हे उठले. “जाऊ दे. ही बिअर ओतून टाकू. ग्रॅहमसाठी दुकानातून भारीतली आणतो. माझं हे काम संपलं.”

“काही संपलं नाही. वेळ आहे. परत करू.”

“वास कोण घेणार?”

“मी.”

हे माझ्याकडे आ वासून बघायला लागले. “तू? बिअरचा?”

“आमच्या वडिलांनी प्यायची नाही म्हणून शपथ घातली होती. हुंगायची नाही म्हणून नव्हती घातली.”

यांना हसू आलं. इतकं मोकळं हसू मी जूनपासून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा सातू भिजला. या खेपेला झाकण नाही, परात नाही. पण उघड्या भांड्याला उकळी कशी आणायची हा पेच होताच. हे भांड्याला हात लावून म्हणाले, “ऊब सगळी बाजूनं जातेय. भांड्याला काहीतरी गुंडाळायला पाहिजे.” मी आत गेले आणि आईनं शिवलेली गोधडी घेऊन आले. हे म्हणाले, अगं, ही? मी म्हटलं, तिच्या उसळीनं घोळ केला, आता तिच्या गोधडीला निस्तरू दे. खालची बटणं मोकळी ठेवून आम्ही भांडं गोधडीत गुंडाळलं आणि वरून परकराच्या नाडीनं करकचून बांधलं. गॅसच्या जाळाशी हे करायची कुणाची छाती झाली असती? विजेचा हा फायदा तेव्हा यांनाही पटला. उकळी आली ती अशी आली की काढा मधोमध उसळायला लागला.

“आता सांग,” हे म्हणाले आणि डोळे मिटून उभे राहिले.

मी वाफेवर वाकले. “कच्च्या पिठाचा वास. दळणाच्या गिरणीत येतो तसला.”

“बरोबर. पुढं?”

“आता कणीस. आलं बाई कणीस!”

“येऊ दे. जातं का बघ.”

वाफ छताला जात होती. मी वाकायची, मागं व्हायची, पुन्हा वाकायची. “कमी झालं... अजून आहे थोडं... गेलं! अहो, गेलं. आता नुसती काकवी उकळल्यासारखं. गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखं वाटतंय.”

हे डोळे मिटूनच हसले. “गुऱ्हाळ. आठवलं मला.”

मग हॉप्स टाकले. म्हटलं, कडुनिंबाचा मोहोर. नाही, पेरूची पानं हातात चुरडल्यासारखं. आणि लांबून एखादं लिंबू कापल्यासारखं. मी बोलत गेले आणि हे त्यावरून ठरवत गेले, आता आणखी चिमूट, आता थांब, आता बटण बंद कर. दुपार कशी गेली कळलं नाही. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून असं कुठलं काम केलं नव्हतं.

ग्रॅहमच्या निरोपाला परसात सगळी गल्ली जमली. घर रिकामं झालेलं, खोकी भिंतीशी रचलेली. मी वडे तळून नेले होते. यांनी पहिली बाटली उघडली आणि पेला ग्रॅहमच्या हातात दिला.

ग्रॅहमनं वास घेतला. घोट घेतला. मग दुसरा घेतला. पेला खाली करून म्हणाला, “राव, ही तुझी बिअर नाही.”

मी पुढं केलेलं वड्यांचं ताट तसंच मागं घेतलं.

हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बिअर माझी आहे, ग्रॅहम. नाक माझं नाही. मला जूनपासून कसलाही वास येत नाही. नाक शालनचं आहे.”

मी वड्यांच्या ताटाकडे बघत राहिले. आणि ग्रॅहम हसायला लागला. म्हातारा हसता हसता खुर्चीत बसला.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “जुलैत तू मला सहा बाटल्या दिल्यास. कुजक्या अंड्यांचा वास येत होता त्यांना, राव. ऑगस्टमधली तर त्याहून भयंकर होती.”

“मग ओतून का नाही दिलीस?”

“ओतू? सगळ्या प्यायलो मी. तू रोज कुंपणाशी येऊन विचारायचास, कशी झालीय. तुझं ते तोंड बघून मला वाईट म्हणवेना.” त्यानं चष्मा काढून पुसला. “मला एकच काळजी होती. मी गेल्यावर तुला खरं कोण सांगणार.”

यांनी जाऊन त्याला मिठी मारली. आमच्याकडचे पुरुष असल्या मिठ्या मारत नाहीत, आणि मला वाटतं तिकडचेही मारत नाहीत, त्यामुळे दोघांनाही हात कुठे ठेवायचे ते नीट कळत नव्हतं.

मग ग्रॅहमनं स्वतःचा पेला माझ्यापुढं केला. “मॅडम, लोकांना सांगा तरी, कसली बिअर पितोय आम्ही.”

माझं इंग्रजी कामापुरतं, वासांना त्यात शब्द नव्हते. मी पेल्यावर वाकले आणि मराठीतच सांगायला लागले, लाजत लाजत. काकवी. पेरूचं पान. लिंबू. तळाशी तव्यावर भाजलेली कणीक. हे माझ्या शेजारी उभे राहिले, डोळे मिटले, आणि माझा एकेक वास इंग्रजीत करून त्या सगळ्या लोकांना सांगत गेले. काकवी म्हणजे काय ते समजावताना तर इतके रंगले की गुऱ्हाळापासून चुलाण्यापर्यंत सगळं वर्णन झालं. मी मध्येच थांबले तशी यांनी डोळे न उघडताच मला कोपरानं ढोसलं.

“थांबू नकोस,” हे म्हणाले. “मला येतोय.”